मावशींचा अंगठा

"किर्र वाजलं म्हंजे साफ," असं म्हणत मावशी धुतलेल्या बीकरच्या आतून अंगठा फिरवायच्या. काच कुरकुरली तर बीकर पालथा, नाहीतर पुन्हा मोरीत. घरी ताटं घासताना तुम्हीही असं केलं असेल. मावशी मात्र ते न्यायाधीशाच्या थाटात करायच्या.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मावशी नवी मुंबईतल्या करावे गावच्या. शहर वसवताना जमीन गेली आणि वाशीच्या आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याची नोकरी आली.

मी तिथे पीएच.डी. करत होते. आल्यातला तिखट अंश यकृताच्या पेशींना दिला, की त्यांच्या आतल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटतं का, हा विषय. सुटलं तर रंग भरलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उजळते. यकृत म्हणजे काळीज, एवढं धरून मावशींनी ते सोपं करून टाकलं होतं. रोज सकाळी विचारायच्या, "पोरी, तुजं कालीज पेटलं का?"

पेटत होतं, हेच तर दुखणं होतं. आलं न देताच पेटत होतं. म्हणजे कॅल्शियम बाहेरून कुठून तरी शिरत होतं. मी पाणी बदललं, रसायनं बदलली, तुर्भ्याच्या मार्केटमधलं आलंसुद्धा बदललं. शेवटी सर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघ, नाहीतर विषय सोड." दोन वर्षं वाया जाणार म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

एका दुपारी मावशी जिन्यावर तंबाखू मळत होत्या. डबीतून अंगठ्याने चुना काढला, मळला, चिमूट दाढेखाली ठेवली, हात पदराला पुसला आणि आत येऊन बीकरमध्ये तोच अंगठा फिरवला. किर्र. चुना म्हणजे कॅल्शियम, हे मी शाळेतच शिकले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी मावशींना चुन्याचं सांगितलं. मावशींनी अंगठा उजेडात धरून पाहिला.

"एवरी वर्सं साफ साफ बोलतंय, न घान माजेच हातान."

"अहो, नुसते हात धुतले तरी चालेल."

"हात धुतलं तरी सवय जाते का?" त्यांनी डबी माझ्या हातात कोंबली. "ठेव तुजे कपाटान. तुजा शेवटचा कागूद गेला का दे."

पुढचे पंधरा दिवस सगळ्यांनी भोगले. कोऱ्या तंबाखूने तलफ भागेना, म्हणून मावशी आमचं उरलेलं आलं चघळायच्या आणि दिसेल त्यावर खेकसायच्या. सरांनाही चपला बाहेर काढायला लावल्या.

महिना संपायला दोन दिवस असताना बिनआल्याच्या पेशी काळ्याच राहिल्या. मग आलं दिलं आणि त्या एकेक करून उजळल्या. सरांच्या आधी मी मावशींना बोलावलं. बराच वेळ डोळा लावून त्या म्हणाल्या, "खाडीचं पानी कालोखान चमकतं, तसंच हाय."

मी डबी पुढे केली. "कागूद कुठं गेलाय अजून?" म्हणाल्या.

प्रबंधाचा शेवटचा कागद जायला आणखी दोन वर्षं लागली. तोवर मावशी निवृत्त झाल्या होत्या. पेढे आणि डबी घेऊन मी कराव्याला गेले. सुनेने दार उघडलं. भिंतीवर मावशींचा फोटो होता, हार घातलेला.

"तीन महिने झालं," सून म्हणाली. "आय शेवटपरत कोरीच तंबाकू खाय. चुना आनला तर सांगं, माजी डबी पोरीकरं हाय, तिचं काम व्हायचं हाय."

मला लाज वाटली, आणि फार माया दाटून आली. पेढे सुनेकडे दिले. फोटोपुढे ठेवायला डबी उघडली, तर आतला चुना वाळून खडा झाला होता.