उलटा टी-शर्ट

गावंडे सर टी-शर्ट नेहमी उलटा घालत. शिवण बाहेर, मानेमागची पट्टी बाहेर, छापील बाजू अंगाला. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, घाईत चूक झाली असेल. सांगावं की नाही या विचारात मी बराच वेळ चोरून बघत बसले. अनोळखी माणसाला त्याच्या कपड्यांबद्दल काही सांगणं मला जमत नाही. शेवटी तेच म्हणाले, "पाहून राहिली ना मघापासून? उलटाच हाय. छापताना बिघडलेला माल हाय हा. लोकायचं बिघडलेलं नाव छातीवर घेऊन कायले फिरू?"

मी तेव्हा अमरावतीत, राजापेठेजवळच्या एका लहानशा दुकानात डिझाइनचं काम करत होते. सर बडनेऱ्याला राहत आणि घरीच टी-शर्ट छापत. मंडळांचे, कबड्डीच्या संघांचे, कॉलेजच्या गॅदरिंगचे. हाताने काढलेलं चित्र संगणकावर नीट करून घ्यायला ते माझ्याकडे येत. त्याआधी ते एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवायचे. अनुदान आलं की पगार सुरू होईल, या आशेवर त्यांचे केस पांढरे झाले आणि मग शाळाच बंद पडली. विषय निघाला की म्हणत, "येऊनच राहिलं होतं अनुदान. बडनेऱ्याच्या सिग्नलले अटकलं असन." आपण हसलो की ते स्वतः हसायचे थांबत.

मागच्या थंडीत सर गेले. झोपेतच गेले, असं शेजारच्यांनी सांगितलं. त्यांच्याविषयी लिहावं असं मला तेव्हापासून वाटत होतं.

मी अकोल्याची. शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि घरात आईने वऱ्हाडी बोलू दिली नाही. सरांना याची गंमत वाटे. "अकोल्याची पोरगी अन् बोलते कशी, बातम्या वाचल्यावानी! अन् तेबी मोजून मापून. काहून वं, शब्दाले जीएसटी लागते का?" मी नुसती हसायची. एकदा एक गिऱ्हाईक माझ्यावर सगळ्यांसमोर ओरडून गेलं. मी स्क्रीनकडे तोंड करून बसले होते, म्हणजे कुणाला चेहरा दिसू नये. सर बाजूच्या स्टुलावर येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "वाळू दे आधी. वल्ल्या रंगात बोट घातलं की ठसा राह्यते. वाळलं की मंग पाहू, काय खराब झालं अन् काय नाही."

"वाळू दे आधी" हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. दोन गिऱ्हाइकं भांडू लागली तरी वाळू दे, कुणाच्या घरी सोयरीक मोडली तरी वाळू दे. ते छापील टी-शर्ट टिनाच्या छतावर वाळत घालत. "लोकायकडे मशीन हाय, माह्याकडे ऊन हाय," असं अभिमानाने सांगत. वाळल्यावर प्रत्येक टी-शर्टवरून उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे रंग पक्का बसतो. हे काम ते स्वतः करत आणि ते करताना मधलं दार लोटून घेत.

दार लोटण्याचं कारण मला नंतर कळलं. त्यांची एकुलती मुलगी वैशाली अकोल्याला दिली होती, ती परत आली होती. माझ्याच वयाची. तिला आई नव्हतीच. तिच्या मनगटाच्या वर एक तिकोनी डाग होता, गुळगुळीत, इस्त्रीच्या टोकाएवढा. मी कधी विचारलं नाही. एकदा सरांनीच, छपाईची स्क्रीन धुताधुता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "नवऱ्याच्या शर्टाले चुनी राहिली म्हणून." एवढंच. पुढे बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

वैशाली घराबाहेर पडत नसे. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येत नसे. सासरहून येताना तिने एकच वस्तू आणली होती, देवीचा शाडूचा मुखवटा. तिच्या लग्नाच्या वेळी सरांनी स्वतः केलेला. पिशवीतून येताना तो कपाळापासून हनुवटीपर्यंत दुभंगला होता. खंडित मूर्ती घरात ठेवायची नसते, ती पिंपळाखाली नेऊन ठेवतात किंवा पाण्यात सोडतात. शेजारणी येताजाता आठवण करून द्यायच्या. "सर, ते आदी बाहेर काढा बाप्पा. घराले चांगलं नाही." वैशाली आत ऐकत असे. ते कुणाबद्दल आहे, हे तिलाही नेमकं कळत नसावं.

त्याच दिवसांत माझ्या संगणकावर एक व्हिडिओ सुरू होता. जपानमध्ये फुटलेलं भांडं फेकत नाहीत, सोन्याने सांधतात. भेग लपवत नाहीत, उलट ती उठून दिसावी म्हणून तिच्यात सोनं भरतात. त्याला किंत्सुगी म्हणतात. सरांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. इंग्रजी वाक्यांचा अर्थ विचारला. नंतर म्हणाले, "म्हंजे आख्ख्यापेक्षा जोडलेलं भारी? अन् हे त्यायचे म्हातारे लोकं शिकवतेत?"

"हो सर. त्यांचं तत्त्वज्ञान आहे ते."

"आमच्या म्हाताऱ्याईनं काहून नाही सांगतलं मंग हे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी डिंकात सोनेरी पूड कालवून मुखवटा सांधला. वैशाली त्याच्याकडे बघून हसली, आणि ती आल्यापासून पहिल्यांदा हसली, असं ते मला फोन करून सांगत होते. मागे स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती. आनंद झाला की ते घरात बसू शकत नसत.

तिथून ते टी-शर्टचं चित्र आलं. गडद लाल कापड. मधोमध देवीचा चेहरा, मोठे उघडे डोळे, कपाळावर त्रिशूळ. दोन्ही अंगांना जुन्या दगडांवर कोरलेले असतात तसे चंद्र आणि सूर्य. भोवती ब्रशच्या एका फटकाऱ्यात काढलेलं जपानी पद्धतीचं वर्तुळ, शेवटी थोडं उघडं राहिलेलं. मी ते संगणकावर बंद करायला गेले तर त्यांनी माझा हात थांबवला. "राहू दे. तिथून हवा येते." आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सोन्याची भेग. अक्षर एकही नाही. त्यांच्या कॉलनीच्या नवरात्र मंडळाने ते पसंत केलं. अध्यक्ष बंडूभाऊ म्हणाले, "काहीतरी इंटरनॅशनल दिसून राहिलं सर!" सरांचा हिशेब वेगळा होता. पूर्ण कॉलनी तुटून जोडलेली देवी छातीवर घेऊन फिरेल, त्यात वैशालीही असेल, आणि मग तिला कुणी पिंपळाखाली ठेवायला सांगणार नाही. हे त्यांनी मला शब्दांत सांगितलं नाही. मला ते त्यांच्या घाईवरून कळत होतं.

छपाईच्या वेळी मी मदतीला गेले होते. त्या वर्षी पाऊस जायचं नाव घेत नव्हता, छतावर ऊन नव्हतं. सोनेरी रंग तर इस्त्रीशिवाय बसतच नाही. सरांनी इस्त्री तापत ठेवली आणि दार लोटायला गेले, तर वैशाली दारात उभी.

"बाबा, तिच्या तोंडावर इस्त्री नका फिरवू."

"उलटं करून फिरवतो ना वं. मांगून."

"उलटं केलं तरी तोंड तिचंच हाय."

तिने परत आल्यापासून बापाकडे काही मागितलं नव्हतं. सरांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघू लागले. सरांनी प्लग काढला. "वाळू देऊ," ते म्हणाले. "वाऱ्यावर वाळतीन. काही होत नाही." रंगाबद्दल ते कधीच असं बोलत नसत.

घटस्थापनेच्या संध्याकाळी सगळी कॉलनी लाल आणि सोनेरी होती. वैशालीने सलवारीवर तो टी-शर्ट घातला आणि आरतीला उभी राहिली. कुणीतरी तिच्या हातात तबक दिलं. सर मागे खांबाला टेकून उभे होते. त्या दिवशी त्यांचा टी-शर्ट सुलटा होता. मी ओळखलंच नाही आधी.

पहिल्या धुण्यात सोनं गेलं. सगळ्यांचं गेलं. सोन्यासाठी मोकळी सोडलेली भेग तेवढी उरली, आणि देवीचा चेहरा प्रत्येकाच्या छातीवर मधोमध फुटलेला दिसू लागला. बंडूभाऊंनी टी-शर्टांचा ढीग ओट्यावर आणून टाकला. "सर, सणासुदीत खंडित मूर्ती अंगावर घालाले लावली तुम्ही आमच्या पोराईले! काही वाटलं पाहिजे ना हो." मागून एक बाई म्हणाली, "घरातच मोडकं आनून ठेवलं, मंग दुसरं काय होईन?"

सर म्हणाले, "मी दुसरे छापून देतो. इस्त्री राहून गेली. माही चूक." का राहून गेली, ते त्यांनी सांगितलं नाही. आतून वैशालीच बाहेर आली आणि म्हणाली, "मीच नाही म्हटलं होतं." त्यानंतर आरतीचं तबक तिच्या हातात आलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास तिचे सासरे अकोल्याहून दोन जाणती माणसं घेऊन आले. झालं गेलं विसरू, पोरगी पाठवा. सर म्हणाले, "वाळू द्या आधी." वैशाली तोवर पिशवी भरत होती. सरांनी मला नंतर तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "बाबा, तिथं मले चटके देतेत. इथंबी देतेतच. तिथं निदान तुमाले पाहा लागत नाही." मुखवटा तिने नेला नाही. तो टी-शर्ट मात्र पिशवीत होता.

पुढे सरांनी काम कमी केलं. मी रविवारी अकोल्याला घरी जायची, आणि एका रविवारी बडनेऱ्याच्या फलाटावर सर दिसले. अंगात तोच लाल टी-शर्ट, सुलटा. गाडीत ते खिडकीशी बसले. म्हणाले, "पोरीच्या घरासमोर एक चहाची टपरी हाय. दर रविवारी बसतो थोडा येळ. घरात घेत नाहीत मले. पन ती गॅलरीत येते कपडे वाळवाले. रंगावरून ओळखन ना." मग थोड्या वेळाने, "येतं का संगं? एकटा मानूस टपरीवर लई येळ बसला की लोकं पाहतेत."

मी गेले. जुन्या शहरातली अरुंद गल्ली, समोर दुमजली घर, निळी गॅलरी. आमचा चहा थंड झाला. वैशाली आली. वाळली होती, डोक्यावर पदर होता. तिने खाली पाहिलं. सर बाकावरून अर्धे उठले, छाती थोडी पुढे करून, शाळेच्या फोटोला उभं राहावं तसे. ती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग तिने बादलीतून फरशी पुसायचं फडकं काढलं, घट्ट पिळलं आणि कठड्यावर पसरलं. विटलेलं लाल. एका कोपऱ्यात चंद्र होता, आणि एक उघडा डोळा. आतून कुणीतरी हाक मारली. ती गेली.

सर खाली बसले. म्हणाले, "कापड मजबूत हाय. फाटलं नाही अजून."

मला घरी जायचं होतं, पण मी त्यांना सोडायला स्टेशनवर गेले. फलाटावरच्या नळाशी त्यांनी तोंड धुतलं. मग तिथेच, लोकांसमोर, टी-शर्ट काढला, उलटा केला आणि पुन्हा घातला. बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले.

"तू वाचलं असशीन इंग्रजीत," ते म्हणाले. "सोनंच निघून गेलं, त जपानमधले लोकं काय करतेत?"

मी मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. मला त्यांचंच वाक्य आठवलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला तरी म्हणाले, "वाळू दे आधी, सर."

त्यांनी मान हलवली. चिडून नाही. वर्गात चुकलेल्या मुलीला सांगावं तसं हळू म्हणाले,

"वाळलं वं पोरी. पूर्न वाळलं."