व्याह्यांसाठी घरीच केलेला सोफा

आमच्या घरातला सोफा आजवर एकदाच चालला, आणि नेमके तेव्हा त्यावर माझे होणारे व्याही बसले होते.

झालं असं, की एका रविवारी आमची लेक तेजू म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी प्रथमेशचे आई-पप्पा येतायत. घरही बघतील, बोलणीही करतील." प्रथमेश तिच्या महाप्याच्या ऑफिसातला. मुलगा आम्हाला पसंत होता, मुलगी त्यांना पसंत होती. आता मोठ्यांनी समोरासमोर बसून होकार द्यायचा, एवढंच बाकी होतं. पण समोरासमोर बसायचं कशावर? त्यांचा उरणला तीनमजली बंगला, आमचा घणसोलीला वन बीएचके! त्यात आमचा सोफा तेजूच्या बारशाला घेतलेला. त्याच्या डाव्या बाजूला जो बसेल त्याला उठवायला दोन माणसं लागत.

"सरळ दुकानातून नवा आणा," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"लग्नाचा खर्च डोक्यावर असताना?"

"मग खाली गादी घाला. ती पण माणसंच आहेत."

"बंगलेवाल्या व्याह्यांना खाली बसवू? अगं, काय म्हणतील?"

"आपण खाली बसतो ते म्हणतील!"

तेजूने मात्र मला बाजूला घेऊन बजावलं. "बाबा, काहीही करा, पण त्यांच्यासमोर फेकाफेकी नको. प्रथमेशच्या पप्पांना खोटं अजिबात चालत नाही. त्याच्या ताईचं एक जमलेलं लग्न त्यांनी मोडलं होतं. का, तर मुलाकडच्यांनी भावाची गाडी आपली म्हणून सांगितली! कळलं का? प्लीज."

"मी कधी फेकतो का?" मी म्हणालो. (तेजू आणि सुनंदाने एकमेकींकडे पाहिलं. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.)

आमच्या ऑफिसातला एकजण उरणहून येतो. त्याच्याकडून कळलं, की उरणजवळच्या द्रोणागिरीत गोडाऊनबाहेर पॅलेट स्वस्तात मिळतात. पॅलेट म्हणजे कंटेनरमधल्या मालाखाली ठेवतात त्या लाकडी फळ्यांच्या चौकटी. माल उतरला की त्या निकामी. मी लगेच मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. एक गोरी बाई हसत हसत दहा मिनिटांत पॅलेटचा सोफा करत होती. तिला दहा मिनिटं, मग मला आठ दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी! दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकली, घासाघीस करून आठ पॅलेट घेतली आणि टेम्पोत घालून आणली.

गेटवर वॉचमनने टेम्पोतलं लाकूड पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"साहेब, कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही! सोफा करायचाय!"

"बरं बरं," तो म्हणाला, पण टोपी बराच वेळ हातातच ठेवली.

सोसायटीच्या प्लंबरकडून ड्रिल मशीन आणलं. रोज ऑफिसातून आलो की ठोकाठोकी. पहिल्या संध्याकाळी अंगठा ठेचला. दुसऱ्या संध्याकाळी दुसरा ठेचला, त्यामुळे निदान दोन्ही हात सारखे दिसायला लागले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "भिंत पाडताय का?" शेजाऱ्यांनी तर विचारणंही सोडलं, दार लावून घेतलं.

व्हिडिओतल्या सोफ्याला चाकं होती, झाडताना सरकवायला सोपं. दुकानात ब्रेकवाली चाकं महाग, बिनब्रेकची निम्म्या भावात. आता सोफ्याला ब्रेक कशाला? तो काय ठाणे-बेलापूर रोडवर न्यायचाय? बिनब्रेकची घेतली. फक्त एकच अडचण होती. आमच्या हॉलची फरशी बाल्कनीकडे जरा उतरती आहे. हॉलमध्ये लिंबू पडलं की आम्ही थेट बाल्कनीत जाऊन उचलतो. पण डोकं चालवलं की सगळं होतं! मी माझ्या दोन जुन्या चपला चाकांखाली दाबून बसवल्या. सोफा ढिम्म हलेना.

शनिवारी सकाळी त्यावर सागवानी रंगाचं पॉलिश मारलं. वरून, बाजूंनी, हातांवर. खालच्या फळ्यांवर कसलीतरी हिरवी अक्षरं छापलेली होती, तिथे नाही मारलं. खाली वाकून कोण बघतंय? डब्यावर लिहिलं होतं, वाळायला दोन दिवस लागतात. पण कंपन्या असं उगाच लिहितात, घाबरवायला. जुन्या गादीचे तुकडे करून त्यावर पडद्याच्या कापडाचे अभ्रे चढवले. रविवारी सकाळी सोफा असा काही दिसत होता, की सुनंदासुद्धा म्हणाली, "बाई! हे तुम्ही केलंत?" तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने पहिल्यांदा कौतुकाने म्हटलं होतं. माझी छाती फुगली. आणि फुगलेल्या छातीने माणूस काय बोलेल, याचा नेम नसतो.

अकराला पाहुणे आले. प्रथमेशचे पप्पा, म्हणजे म्हात्रेशेठ, पांढराशुभ्र शर्ट, पांढरीशुभ्र पँट, गळ्यात जाड साखळी. विहीणबाई मोतिया रंगाच्या नव्या कोऱ्या साडीत. मागे प्रथमेश पेढ्यांचा बॉक्स घेऊन. तिघं सोफ्यावर बसले. मी आणि सुनंदा समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

म्हात्रेशेठनी सोफ्याच्या हातावर थाप मारली. "झ्याक हाय! लाकूड कंचं?"

उत्तर द्यायचं होतं, 'साधं आहे'. तेवढंच. तेजू स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारून बघत होती. पण माझं तोंड माझ्या आधी बोलून मोकळं झालं.

"बर्मा टीक! ऑर्डर देऊन करून घेतला."

"आसं?" म्हात्रेशेठ म्हणाले आणि पुन्हा हातावरून हात फिरवला. हात जरा चिकटल्यासारखा वाटला बहुतेक, कारण त्यांनी तो हुंगून पाहिला. तेजूने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात सुनंदाने पोह्यांच्या डिश आणल्या. म्हात्रेशेठ डिश घ्यायला पुढे झुकले, घेतली, आणि आरामात मागे टेकले.

सोफा निघाला!

आधी अगदी हळू. मला वाटलं मला चक्कर येतेय. मग वाटलं, आमच्या खुर्च्याच मागे जातायत.

"अगो बाय! घर फिरतंय का काय?" विहीणबाई ओरडल्या.

"अंकल, सोफा!" प्रथमेश ओरडला.

तिघंही पोह्यांच्या डिश घट्ट धरून, पाय अधांतरी, मुकाट बाल्कनीच्या दिशेने चालले होते. मी झडप घालून सोफ्याचा हात पकडला. माझा हात पॉलिशला चिकटला आणि मीही त्यांच्याबरोबर निघालो!

"चपला! चाकाखालच्या चपला कुठायत?" मी किंचाळलो.

"मी काढून ठेवल्या!" सुनंदा म्हणाली. "पाहुणे यायचे आणि सोफ्याखाली फाटक्या चपला? शोभतं का?"

बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनला धडकून सोफा थांबला. पोहे मात्र थांबले नाहीत. म्हात्रेशेठ उठायला गेले तर 'चर्र' असा आवाज आला. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पाठभर सागवानी पट्टे उमटले होते. विहीणबाईंच्या पदरावर तसेच, फक्त आडवे. आणि मग म्हात्रेशेठनी आम्हाला जे नको होतं नेमकं तेच केलं. चाकं बघायला खाली वाकले.

बराच वेळ ते वाकलेलेच.

"ह्ये हिरवं 'पी. एम.' दिसलं का?" खालूनच त्यांनी विचारलं. "पांडुरंग म्हात्रे. आमच्या गोडाऊनचा मार्का हाय."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. (ती तशीही उतरतीच आहे.) त्यांचं गोडाऊन आहे हे मला तेजूने सांगितलं होतं. पण मी आपलं तांदळाचं समजलो होतो! मी तेजूकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. एका गाडीवरून ज्या माणसाने लेकीचं लग्न मोडलं, त्याला त्याच्याच गोडाऊनची मोडकी फळी मी बर्मा टीक म्हणून दाखवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पोरीचं सोनं झालं असतं, ते मी माझ्या हाताने मातीत घातलं होतं. आयुष्यात इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

"शेठ, खोटं बोललो," मी म्हणालो. "टीक नाही. तुमचीच आठ पॅलेट. तुमच्यासमोर लहान दिसू नये म्हणून मीच ठोकली. यात तेजूचा काहीही दोष नाही. ती मला आधीपासून फेकू नका म्हणत होती. राग धरायचा तर माझ्यावर धरा."

म्हात्रेशेठ सावकाश उभे राहिले. "कितीला घेतली?"

मी आकडा सांगितला.

"ही? ही तर आमी होळीला पोरांना फुकट वाटतो!" ते म्हणाले, आणि इतके गडगडून हसायला लागले की प्रथमेशने घाबरून वॉशिंग मशीन धरलं. विहीणबाई हसत हसत खाली फरशीवरच टेकल्या. "इथंच बरं हाय," त्या म्हणाल्या. "निदान जागा हलत नाय!" मग सगळेच खाली बसलो. सुनंदाने उरलेले पोहे आणले. ("खाली गादी घाला, म्हटलं होतं!" हे तिने मला डिश देताना कानात ऐकवलं.)

"त्या गाडीवाल्यानं शेवटपरेंत कबूल केलं नवतं," म्हात्रेशेठ म्हणाले. "तुमी पाच मिनिटात केलंत. पोरगी आमची झाली. देन्याघेन्याचं काय नाय. पन येक अट हाय."

आम्हा तिघांचाही घास हातातच राहिला.

"लगनात मुलीचा बाप पलंग, कपाट देतो ना? तुमी नका देऊ." त्यांनी चक्क हात जोडले. "पोरांची खोली तिसऱ्या मजल्यावर हाय, बाल्कनीला लागून!"

लग्न झालं, तेजू सुखात आहे. आमचे नातेवाईक अजून म्हणतात, काय देवमाणसं मिळाली, साधा पलंगसुद्धा मागितला नाही! मी नम्रपणे मान डोलावतो. त्यात व्याह्यांचा मोठेपणा किती आणि माझ्या सुतारकामाची दहशत किती, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.