पालखीच्या आधीची सोनोग्राफी

रविवार, माघ संपायला चार दिवस. हजर: मी, हे, थोरले दीर, जाऊबाई. विषय: शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या घरी कोणत्या दिवशी घ्यायची.

दादांनी, म्हणजे दिरांनी, कुठल्या दिवशी पालखी कुठल्या घरी, याचा तक्ता आणला होता. मी त्यावर ह्यांची फाईल ठेवली.

गेल्या वर्षी ह्यांचा एक वृषण सुजला. दुखत नव्हतं. पाणी भरलंय, असं दादांनीच ठरवून टाकलं. मी रत्नागिरीत सोनोग्राफीची वेळ घेतली. दादांनी देवळात कौल लावला. पालखी घरात येऊन जाईपर्यंत दवाखान्याची पायरी नको, असा त्यांनी त्याचा अर्थ काढला आणि मला न सांगता फोन करून वेळ रद्द केली. मला काउंटरवर गेल्यावर कळलं. हे गप्प राहिले. जागाच अशी, की बोलायची लाज. पाच आठवडे गेले. पालखी आली, नाचली, मी ओटी भरली.

मग सोनोग्राफी. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पाणी असतं तर काळं दिसलं असतं, हे भरीव आहे आणि आत रक्त फिरतंय, म्हणाल्या. रक्ताच्या चाचण्या साफ आल्या, तेव्हा दादांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. पण बाई म्हणाल्या, हा नेहमीचा प्रकार दिसत नाही. काही दुर्मीळ प्रकार रक्तात सापडत नाहीत. कोल्हापूरला एमआरआय, सीटी, ऑपरेशन. कर्करोगच निघाला, दुर्मीळ जातीचा. सीटीत पोटातही एक बारीक गाठ दिसली. ती वाढते का, यावर सगळं अवलंबून. पाच आठवडे आधी ती होती का, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

दादा निवृत्त हेडमास्तर.

"तुमचं इंग्रजी चांगलं," मी म्हटलं. "फाईलमधला रिपोर्ट वाचा आणि मराठीत सांगा."

पहिल्याच ओळीला अडले. जाऊबाईंसमोर तो शब्द तोंडातून निघेना.

"बाय, हे काय आता..."

"वाचा."

"दादा, माझंच आहे ते," हे म्हणाले. "तुम्ही कशाला लाजताय?"

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. दादांनी शेवटपर्यंत वाचलं. रद्द झालेल्या वेळेची चिठ्ठीही मी फाईलला लावून ठेवली होती. ती तारीख आणि सोनोग्राफी झाली ती तारीख, मधले दिवस त्यांनाच मोजायला लावले.

मला बरं वाटलं. पुरेसं नाही.

पुढची सीटी ह्या शिमग्यातच करायची आहे. पालखी आमच्या दारात येईल तोच दिवस मी सीटीला मागणार, आणि कोल्हापूरपर्यंत गाडी दादांनी चालवायची. तक्त्यावरून दिवस उतरवून घेतलाय. सीटीवाल्यांना फोन करायचा राहिलाय.