चिंचेपाशी वळणारी गाडी

"ए म्हाताऱ्या, ऊठ! रस्ता काय तुझ्या बानं बांधलाय?"

"व्हय, माझ्याच बानं! दुष्काळी कामावर हितली खडी त्यानं फोडलीया. तुझ्या बानं कुठली फोडली ते सांग की!"

हे भांडण मी बाभळीच्या आड उभी राहून ऐकलं. नुकतीच कुरुळीत नांदायला आले होते. डोक्यावर शेणाची पाटी. पुढं जावं तर मोठ्या माणसांचं भांडण, मागं फिरावं तर ऐकायचं राहून जाईल. मग उभीच राहिले. उजाडायला लागलं होतं. मोशीकडं जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या मधोमध आमच्या शेजारच्या आबाजीमामांची बैलगाडी उभी होती, आणि बैलांच्या नाकाला नाक लावून चाकणहून पिंपरीला जाणारी येष्टी. मामा गाडीत गोणपाटातून अर्धे उठून बसलेले, मुंडासं सुटलेलं. खाली कमरेवर हात ठेवून हिंदुराव डायवर. तो साताऱ्याकडचा. आवाज असा की त्याच्या येष्टीला वेगळा भोंगा कशाला दिला, असं वाटावं.

"भोंगा वाजवून हात दुखला माझा. आत कामावरची माणसं बसल्यात. तिकडं त्यांचा खाडा पडतोय."

"पडू दे की! आमी कांदा न्हेला न्हाई तर तुमचं पुणं काय खाईल?"

"आन् बायाबी हायेत आत!"

"बायांनी घरी बसावं," मामा म्हणाले. "गावातल्या चुली इझल्यात का?"

मी येष्टीकडं पाहिलं. दुसऱ्या खिडकीत पदर तोंडावर ओढून छबूबाई बसली होती. मामांची सून. ती याच येष्टीनं कामाला जाते हे मामांना चांगलं ठाऊक होतं. पण झोपेतून उठवलेल्या माणसाच्या तोंडी आधी भांडण येतं, सून मागनं आठवते.

मामांनी कुरकुरत गाडी डांबराखाली उतरवली. पण त्यांच्या मागं अजून गाड्यांची रांग होती, आणि एकेका गाडीत एकेक माणूस घोरत होता. हिंदुरावानं एकेकाला हलवून उठवलं, एकेकाच्या शिव्या खाल्ल्या. येष्टी हलली तेव्हा ऊन वर आलं होतं.

आता हे असं का व्हायचं ते सांगते. तेव्हाचा हा पुणे-नाशिक रस्ता म्हणजे एका गाडीपुरती डांबराची पट्टी. समोरून कोणी आलं की एकानं खाली उतरायचं. आमच्याकडचे गाडीवान एका रात्री कांदा घेऊन पुण्याला जायचे, दिवसभर बाजार करायचे आणि दुसऱ्या रात्री रिकाम्या गाडीत झोपून परत यायचे. बैलांना घर ठाऊक. डांबरावर चाक कसं लोण्यासारखं चालतं, म्हणून बैल डांबर सोडायचे नाहीत. मागच्या गाडीचा बैल पुढच्या गाडीच्या पाठीला तोंड लावून चालायचा. पहाटे मोशीचा पूल ओलांडून ही झोपलेली रांग कुरुळीकडं यायची, आणि नेमकी तेव्हाच कामावरच्या माणसांची येष्टी समोरून यायची.

छबूचा नवरा ज्योतीराम खळ्यावर गंजी रचताना वरून पडला आणि कमरेतून गेला. तेव्हापासून अंथरुणाला. शेत कोरडवाहू, त्यात मामा एकटे किती पुरणार? पिंपरीच्या बाजूला बाटल्या धुण्याची एक शेड होती, तिथं छबूला काम मिळालं. गावातली कामाला जाणारी ती पहिली बाई, त्यामुळं बोलणाऱ्यांची तोंडं मोकळी सुटली होती. ते तिनं सोसलं. पण शेडचा नियम कडक. उशीर झाला की फाटक बंद, आणि नवीन बाई तीनदा बाहेर राहिली की तिचं नाव काढायचे. दिवाळीपर्यंत निभावलं तर कायम करणार होते. त्या सकाळी ती दुसऱ्यांदा फाटकाबाहेर राहिली.

हे ती मामांना सांगणार कशी? आमच्यात तेव्हा सून सासऱ्यापुढं बोलत नसे. काही सांगायचं झालं की मधे कोणीतरी लागायचं. सासू नसलेल्या घरात ते कोणीतरी म्हणजे गोठ्यातले बैल. आमची आणि त्यांची गोठ्याची भिंत एकच होती, म्हणून पुढचंही मला ऐकू आलं. मी मुद्दाम कान लावला नव्हता. भिंतच पातळ होती.

छबू वैरण टाकत होती. मामा हातभरावर दावं वळत बसले होते.

"हरण्या," छबू बैलाला म्हणाली, "आज मला फाटकाभाईर ठिवलं रं बाबा. दोन डाव झालं. अजून एक झाला की नाव काढत्यात. मग धाकल्या धन्याच्या औषधाचं काय करायचं, तूच सांग. तुमचा काय दोस? तुमाला म्होरलं घर दिसतं, मागं झोपल्यालं मानूस दिसत न्हाई."

दावं वळण्याचा आवाज थांबला. मग मामाही बैलालाच म्हणाले, दुसऱ्या बैलाला.

"कोशा, येष्टीत कोन बसलं हुतं ते मला ठावं न्हवतं व्हय रं? ठावं हुतं. तोंडातनं निघून गेलं."

सासऱ्यानं सुनेची माफी मागितलेली मी आयुष्यात तेवढीच एकदा ऐकली, आणि तीही बैलाच्या कानात.

दुसऱ्या दिवशी मामा कुऱ्हाड आणि कोयता घेऊन रस्त्याला गेले. डांबराच्या कडेनं, चरीच्या पलीकडं, जुनी गाडीवाट होती. डांबर आल्यापासून तिकडं कोणी फिरकत नव्हतं. बाभळी माजल्या होत्या, कोणी बांध पुढं सरकवून त्यात हुलगा पेरला होता. मोशीच्या पुलावरून अलीकडं आलं की चढावर एक मोठी चिंच होती, तिथून ती वाट फुटायची ती थेट कुरुळीच्या शिवेपर्यंत. मामांनी काटे तोडले, हुलगेवाल्याशी भांडण केलं (ते मी ऐकलं नाही, पण गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं), आणि पुढच्या बाजाराहून परत येताना चिंचेपाशी बैल वळवले.

बैल वळेनात. त्यांना डांबर पाहिजे. मामा खाली उतरले आणि कासरा धरून बैलांच्या पुढं चालत आले. म्हातारा माणूस, दोन रात्रींचा जागा. मागच्या गाड्यांचे बैल सवयीनं पुढच्या गाडीच्या पाठीमागं वळले आणि आतल्या गाडीवानांना पत्ताही लागला नाही. सयाजी म्हणून एक गाडीवान होता, जिभेनं फार तिखट. त्याला बाभळीची फांदी लागून जाग आली.

"आरं, मला ह्या रानात कोनी आनलं?"

"तुझ्या बैलांनी," मामा पुढून म्हणाले. "तुझ्यापरीस श्यान्ये हायेत."

"डांबर सोडून धोंड्यातनं कशापायी? सून सायबीन झाली म्हनून सासऱ्यानं चरीत उतरायचं?"

"तू झोप, सयाजी. झोपल्यावर तू लई चांगला मानूस असतूस."

शेजारच्या डांबरावरून येष्टी निघून गेली. न थांबता.

पण त्या पहिल्या फेरीची किंमत आमच्या घरानं दिली. गावातल्या बायका मामांना पुण्याहून जिन्नस आणायला सांगायच्या, त्यात कंदिलाच्या काचा जास्त. मामा काच कांद्याच्या टरफलांत घालून, पोत्यात गुंडाळून, दोन्ही गुडघ्यांत धरून झोपायचे. डांबरावरून आणलेली काच कधी फुटली नव्हती. त्या दिवशी सासूबाईंची काच फुटली. आमच्या सासूबाई, सोजराबाई, कंबर कसून दारात उभ्या.

"भावजी, तुमच्या सुनंची नोकरी ऱ्हायली आन् आमच्या घरात अंधार झाला."

"दुसरी आनतो, वैनी."

"तीबी फुटंल. वाट बगा की कशी हाय ती!"

मामा दुसऱ्या दिवसापासून पाटी-फावडं घेऊन वाटेतले खड्डे भरायला लागले. नंतर बैलांना सवय लागली. मामा चिंचेपर्यंत डोळे ताणून जागे राहायचे, बैल वळले की गोणपाट तोंडावर ओढून झोपायचे. आपली गाडी रांगेत पहिली राहावी म्हणून बाजारातून सगळ्यांच्या आधी निघायचे. कारण त्यांना एक गोष्ट कळली होती. झोपलेल्या माणसांना समजावून उपयोग नसतो. पहिल्या बैलाला वळवावं.

आषाढात खरी परीक्षा झाली. काळी माती, वाटेचा नुसता राडा. सयाजी बाजारातच म्हणाला, "आता डांबरावरनंच जायचं. येष्टीला चिखलाचं भ्याव वाटत आसंल तर तिनं घरी बसावं." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. बैल त्यांचे, पाय बैलांचे, आणि येष्टीनं त्यांना काय दिलं होतं? मामा म्हणाले, "तुमी कसंबी जावा. माझी गाडी म्होरं ऱ्हाईल."

त्या पहाटे चिंचेपाशी मामांचे बैल आपसूक चिखलात उतरले आणि त्यांच्या मागं सगळी रांग उतरली. थोडं पुढं आल्यावर मामांचं चाक आसापर्यंत रुतलं. मागं सगळे अडकले. सयाजीनं मामांचे सगळे पूर्वज उद्धरले. मामा गुडघाभर चिखलात, चाकाला खांदा लावून उभे. तेवढ्यात येष्टी आली.

हे मला छबूनं सांगितलं. हिंदुरावानं बाजूला पाहिलं, ब्रेक मारला आणि बाही सारत खाली उतरायला लागला. तसे मामा चिखलातून ओरडले,

"थांबू नगंस! जा म्हन्तो ना! माझं चाक दुपारी निगंल. तिचं फाटक दुपारी उगडत न्हाई!"

तेव्हा हिंदुरावाला ते नातं कळलं. त्यानं मागं वळून खिडकीकडं पाहिलं आणि गाडी सोडली. छबू म्हणाली, "मी पदर घेतला तोंडावर. पर डोळं उगडंच ठिवलं."

संध्याकाळी तिनं ऊन पाण्यानं बैलांचे पाय धुतले. खुरांच्या वर कातडं सोललं होतं, तिथं हळद-तेल लावलं. मामा दारात बसले होते.

"हरण्या," मामा म्हणाले, "येळंवर पोचली का, इचार."

"पोचले म्हनावं," छबू म्हणाली. आणि थोड्या वेळानं, बैलाकडंच बघून, "हळद उरली हाय. मामंजींच्या खांद्यालाबी लावा म्हनावं."

पुढं काय झालं ते अजून मला नवल वाटतं. आठवड्याभरात उघडीप पडली आणि सयाजी टेकडीवरून मुरुमाची गाडी भरून घेऊन आला. "म्हाताऱ्यासाठी न्हाई," म्हणाला. "माझ्या बैलांसाठी. येडं बैल हायेत, त्याच्याच मागं जात्यात." त्याचं पाहून बाकीच्यांनी एकेक खेप टाकली. हिंदुरावानं सुट्टीच्या दिवशी येऊन फावडं मारलं आणि दिवसभर सयाजीशी भांडला. त्या वाटेला ना नावाची पाटी लागली, ना कोणी नारळ फोडला. पण येष्टीला डांबर मोकळं राहिलं आणि बैलांना मुरूम मिळाला. दिवाळीत छबू कायम झाली.

परवा नातसून सांगत होती, आजी, आता शहरात बसला वेगळा रस्ता केलाय, बाकीच्यांनी त्यात यायचं नाही. त्यानं माणसं लवकर पोचतात का, म्हणून घरात वाद चालला होता. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पोचतात. मी पाहिलंय. पण एकाला मोकळा रस्ता द्यायचा म्हणजे दुसऱ्याला खाली उतरावं लागतं. तो उतरतो तिथं मुरूम टाका. नाहीतर तो पुन्हा वर येईल, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

मामा पुढं दोन हिवाळे गाडी हाकत राहिले. त्या दुसऱ्या हिवाळ्यात खोकला फार वाढला होता. छबू बैलांना सांगायची, "आता ह्या बाजाराला जाऊ नगा म्हनावं." मामा बैलांना सांगायचे, "सोजरावैनीची काच आनायची हाय. एवढी एक खेप."

त्या सकाळी धुकं होतं. छबू दुसऱ्या खिडकीत बसली होती. तिनं पाहिलं, मामांची गाडी चिंचेपाशी वळून गाडीवाटेनं येत होती, मागं सगळी रांग. मामा गोणपाट तोंडावर ओढून झोपलेले, रोजच्यासारखे. हिंदुरावानं रोजच्यासारखा हलका भोंगा दिला, आणि येष्टी पुढं गेली. फाटक लागायच्या आधी छबू शेडमध्ये होती.

गाडी आमच्या दारासमोर येऊन थांबली. बैल उभे राहिले. सासूबाई बाहेर आल्या.

"भावजी, आनली का काच?"

मामा उठले नाहीत. सासूबाईंनी परत हाक मारली, मग जवळ गेल्या, गोणपाट बाजूला केलं आणि तिथंच खाली बसल्या. अंग थंड होऊन बराच वेळ झाला होता. चिंचेच्या अलीकडं की पलीकडं, ते बैलांनाच ठाऊक.

चार माणसांनी त्यांना उतरवलं तेव्हा त्यांच्या दोन्ही गुडघ्यांमधलं पोतं मी सोडवून घेतलं. आत कांद्याची टरफलं होती, आणि टरफलांत काच. मी ती उजेडासमोर धरून पाहिली. कुठं तडासुद्धा नव्हता.