मान हलवण्याची सवय

वर्तमानपत्राच्या कचेरीत वीस वर्षं काढल्यावर मी शिक्रापूरच्या एका कारखान्यात कागदपत्रं तपासण्याच्या नोकरीला लागलो. राहायला मांडवगण फराट्यातच राहिलो. कंपनीची बस सकाळी सहा वीसला गावातून निघते आणि शिक्रापूरच्या ट्रकांतून वाट काढत पावणेआठला पोचते. आई गेल्यापासून घरात मी एकटा. बसमध्ये मोबाईलवर पुस्तकं ऐकायची सवय लागली. गेल्या हिवाळ्यात एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची लांबलचक कादंबरी चालू होती. ती लवकर संपू नये म्हणून मी घरी ऐकत नसे.

दिवाळीपासून शेजारच्या सीटवर माझ्याच गावातला, बौद्धवस्तीतला एक मशीन ऑपरेटर बसायचा. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. बसला की बोलायला लागायचा. मी मान हलवायचो. बातमीदारीत ही सवय लागतेच. आपण मान हलवत राहिलो की समोरचा बोलत राहतो. थंडीमुळे डोक्यावर कानटोपी असायची, त्यामुळे माझ्या कानातला इअरफोन त्याला दिसत नव्हता. ते मीही कधी सांगितलं नाही. कादंबरीच्या दोन वाक्यांमधून त्याचे 'आबा', 'दौंड', 'डॉक्टर' असे सुटे शब्द ऐकू यायचे. त्याचे वडील आजारी आहेत एवढं त्यातून कळलं होतं.

डिसेंबरात तो चार दिवस आला नाही. मी त्याच्या सीटवर डबा ठेवला. वडील वारल्याचं बसमधल्या इतरांकडून समजलं. परत आला तेव्हा मी "वाईट झालं" म्हणालो. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो बराच वेळ काहीतरी विचारत होता. कादंबरीत जहाज वादळात सापडलं होतं. मी मान हलवली. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. त्याचं मला नवल वाटलं, पण कानातलं मी काढलं नाही.

सोमवारी तो सीटवर बसला नाही. दांडी धरून माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे ओठ हलताना पाहून मी पुस्तक थांबवलं.

"काल माईकवर तीनदा पुकारलं तुम्हाला, सर."

"कशासाठी?"

"आबांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत. तुम्ही दोन शब्द लिहून वाचतो म्हणाला व्हता न्हवं?"

मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "पेपरवाले हायेत ते. कार्यक्रम उरकला की मगच येत्यात." दोघेतिघे हसले. तो हसला नाही.

मी कानटोपी काढली आणि कानातलं काढून त्याला दाखवलं. "मला ऐकूच आलं नव्हतं."

त्याने ते निरखून पाहिलं. "मग मान कशाला हलवली?"

मी कानटोपी मांडीवर ठेवली.

"हे आजच घातलंय, का रोज असतं?"

"रोज."

"दिवाळीपासनं?"

"हो."

"मग आबांना काय झालं व्हतं, सांगा बरं."

आवाज चढलेला नव्हता. एखादी तारीख विचारावी तसं विचारलं होतं. मला 'दौंड' आणि 'डॉक्टर' एवढंच माहीत होतं. तो पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.

त्या आठवड्यात मी कादंबरी ऐकली नाही. गावात पाच माणसांना भेटलो. आबा दौंडच्या रेल्वे यार्डात नोकरीला होते. दुखणं फुप्फुसाचं होतं. वस्तीतली पोरं रोज संध्याकाळी अभ्यासाला बसावीत म्हणून त्यांनी स्वतःच्या ओसरीत विजेचा दिवा बसवून घेतला होता. प्रत्येक गोष्ट दोघांकडून पडताळून घेतली. चारशे शब्दांचा मजकूर झाला. त्यात एकही विशेषण नव्हतं.

शनिवारी बस सुटण्याआधी तो कागद मी त्याच्या हातात दिला. त्याने उभ्यानेच, ओळींवर बोट फिरवत वाचला. दोनदा.

"बरोबर हाय समदं," तो म्हणाला. "सायकलचं न्हाई यात."

"कुठली सायकल?"

"रिटायर झाल्यावर आबा सायकल शिकले. साठीला. पहिल्याच दिवशी उसाच्या सरीत पडले, आन् आईला सांगू नको म्हणून मला पेरू घेऊन दिला. हे कुणालाच ठाव न्हाई. तुम्हाला सांगितलं व्हतं. तवा तुम्ही हसला बी व्हता."

मी म्हणालो, घालतो. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"ऱ्हाऊ द्या आता," तो म्हणाला आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. बस निघाली.