काकूंचा कप

समोरच्या शालिनीकाकू टीबीतून पूर्ण बऱ्या झाल्यावर आज पहिल्यांदाच चहाला आल्या. येताना पदराआड स्वतःचा कप घेऊन आल्या.

आजारपणात घरच्यांनी त्यांची भांडी वेगळी केली होती, आणि त्यांना वारा लागू नये म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. हा आजार भांड्यांतून नाही, कोंडलेल्या हवेतून पसरतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वेगळं ठेवलेलं माणूस वेगळं राहायला शिकतं. बरं झाल्यावर ते विसरायचं कसं, हे त्याला कोण शिकवणार?

मी आमच्याच कपात चहा ओतला.

"अगं नको, घरात लहान मूल आहे तुझ्या."

"काकू, घ्या हो."

त्यांनी घेतला. मग कप स्वतःच विसळला आणि आमच्या कपांपासून लांब, उघड्या खिडकीत पालथा घातला.