दादाच्या बेसमधली काळी तार

दादाच्या बेस गिटारमधली ती तार मीच कापली. चुकून तुटली नाही, कटर घेऊन, विचार करून कापली. पुढे त्यातून जो घोळ झाला, त्याचं खापर मी दादाच्या बोटांवर फोडलं.

दादा माझ्याहून बराच मोठा, राहायला खाप्याला. तरुणपणी तो लग्नांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तीच गिटार काढून देवळातल्या भजन मंडळात बसू लागला. भजनात हे कशाला, असं आधी लोक म्हणाले. मग ढोलकीखालचा तो जाड, गोल आवाज सगळ्यांच्या सवयीचा झाला आणि पेटीवाल्या काकांच्या उजव्या हाताची जागा दादाची ठरली. वहिनी म्हणायची, "रविवारी यायले औषधाची आठवण द्या लागत नाही, अन् उठवाही लागत नाही."

मी मौद्याकडे वीजनिर्मिती केंद्रात विद्युत देखभालीचं काम करतो. मला गिटारीतला एक सूरही वाजवता येत नाही, पण आमच्या घरात वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली की ती माझ्याकडे येते. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर होऊ लागली, तेव्हा दादा गिटार घेऊन मनीषनगरला माझ्या घरी आला आणि ठेवून गेला.

खरखर साधी होती. बटणाखालच्या पॉटमध्ये, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या भागात, धूळ बसली होती. मी क्लीनर मारून पॉट मागेपुढे फिरवला, केबलचा जॅक सैल होता तो आवळला. झाकण लावणार, तेवढ्यात एक बारीक काळी तार दिसली. पॉटच्या पाठीवर सोल्डर केलेली आणि लाकडातल्या भोकातून ब्रिजकडे गेलेली. ब्रिज म्हणजे गिटारीच्या तारा जिथे अडकवतात ती धातूची पट्टी. मी विचार केला, ही तार ब्रिजला, ब्रिज गिटारीच्या तारांना, आणि त्या दादाच्या हाताला. देवळातला विजेचा बोर्ड मी पाहिला होता. टेप गुंडाळलेली एक्स्टेंशन, अर्थिंगचा पत्ता नाही. मागे एका गायकाला माइकमधून झटका बसला होता. माणसाचं शरीर सर्किटमध्ये येता कामा नये, हे आमच्या कामात अंगात मुरलेलं असतं. मी तार कापली आणि टोकाला काळी टेप नीट गुंडाळली. दादाला वाचवतोय असंच मला वाटत होतं.

पण त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, की मग बनवणाऱ्याने ती लावली काहून? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. घरी अ‍ॅम्प्लिफायर नव्हता, म्हणून वाजवूनही पाहिली नाही. बाकीचं मीटरवर तपासलं आणि रविवारी सकाळी स्वतः गिटार घेऊन खाप्याला गेलो.

सभामंडपात मंडळ जमलं होतं. दादाने केबल लावली आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. त्याने तारांवर हात ठेवला की आवाज वाढायचा, काढला की कमी व्हायचा.

"काय गा, भुंगा पाळला का गिटारीत?" पेटीवाले काका म्हणाले.

ढोलकीवाला हसला. "काका, हात लावला का वाढते, सोडला का कमी होते. म्हणजे गिटार चांगली आहे, भाऊच बिघडले!"

सगळे हसले. दादाही हसला, पण म्हणाला, "याच्या आधी असं होत नव्हतं, बाप्पा."

आता सगळे माझ्याकडे वळले. ढोलकीवाल्याने विचारलं, "तुम्ही खोलली होती न साहेब? अंदर काही राह्यलं का?"

त्या क्षणी मला काळी तार आठवली. आठवली नाही असं आजही मला म्हणता येणार नाही. पण 'साहेब' हा शब्द कानात होता, आणि मी म्हणालो, "वायरिंग मी मीटरवर तपासलंय, एकदम बराबर आहे. दादाचाच हात आता जड झाला असेल. तारा नीट दबून नाही राहिल्या."

दादाने आपली बोटं उलटी करून पाहिली, मिटली, उघडली. लहानपणी त्याचं बोट धरून मी शाळेत गेलो होतो.

पुढे वहिनीचा फोन आला. "भाऊजी, यायच्या हातात आता टाळ दिले मंडळानं. बेसचा आवाज मंडळातला एक पोरगा कीबोर्डवर काढून राह्यला. हे रोज बोटं मोजल्यावानी करतात. तुम्ही या अन् ती गिटार घेऊन जा. घरात दिसली का यायचं मन खराब होते."

मी गेलो. दादा म्हणाला, "तूच ठेव. माझ्यानं आता होत नाही." सोबत त्याचा लहान अ‍ॅम्पही दिला.

घरी आल्या आल्या गिटार अ‍ॅम्पला जोडली. तारांना हात लावला, घूंऽऽ वाढलं. बटणाच्या धातूला बोट लावलं, आवाज एकदम दबला. मीटरचं एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला लावलं. मीटर वाजला नाही, म्हणजे मधली जोडणी तुटलेली. झाकण उघडलं. आत माझी टेप होती, तशीच नीटनेटकी. वाजवणाऱ्याचं शरीर हवेतली भुणभुण गोळा करतं, आणि ती मुरवायलाच ती तार असते. झटक्याची भीती खोटी नव्हती, पण तिचा इलाज देवळाच्या बोर्डात होता. मी पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासली, तार परत सोल्डर केली. हात ठेवला. अ‍ॅम्प गप्प.

तेव्हाच दादाला खरं सांगायला हवं होतं. मी फोनवर म्हणालो, "दादा, केबल खराब होती. आता झालं ठीक."

"हो का?" तो खुलला. मग म्हणाला, "पण तिथं सगळ्याईले माझा हातच वाटला न गा. आता कोणत्या तोंडानं जागा मागू?"

मग मला कळलं की नुसती गिटार दुरुस्त करून भागणार नाही.

शनिवारी जाऊन आधी देवळाचा बोर्ड बदलला, अर्थिंग घातलं, प्रत्येक पॉइंट तपासला. रविवारी गिटार घेऊन सभामंडपात गेलो. दादा टाळ घेऊन मागे भिंतीशी बसला होता.

"आले इंजिनीयर," ढोलकीवाला म्हणाला. "आज काय बिघडवता?"

बरं झालं तो बोलला. मी उभाच राहिलो.

"दादा," मी म्हणालो, "तुझा हात चांगला होता. आतली एक तार मी कापली होती, तुले न विचारता. त्या दिवशी मले ते आठवलं होतं, तरी सगळ्यांपुढं मी तुझ्या हाताचं नाव घेतलं. केबलचंही खोटं सांगितलं. माझी इज्जत वाचवायले तुझी घालवली. मले माफ कर, दादा."